भोपळा, मानी आणि आईचा उजवा हात

६ ऑगस्ट. काम : घारग्यांसाठी भोपळे चिरणे.

भोपळे येऊन पडलेत आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या दोघी बायका हाताची घडी घालून उभ्या आहेत. टेम्पोवाला कोपऱ्यावर चहा प्यायला गेलाय. तो आला की प्रत्येक भोपळ्याला सुरीचं टोक लावून देईल, आणि मग ह्या पुढचं चिरतील. अख्खा भोपळा बाईनं चिरायचा नाही, पहिला घाव पुरुषाचा. भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा, असं काहीतरी कारण सांगतात. मी ह्या दोघींशी वाद घालत नाही. टेम्पोवाल्याचा चहा लांबतो, आणि एक प्रकरण कित्येक वर्षं लिहायचं राहिलंय, त्याची सुरुवात नेमकी अशाच एका अडून बसलेल्या भोपळ्यापासून होते. तेव्हा त्या उभ्या राहोत. मी बसते.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं आणि मी दहावीत होते. आम्ही मस्कतला दार्सैतमध्ये राहायचो, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक चिंचोळी गॅलरी. बाबा दोन तासांवरच्या निझवा गावात एका दुकानाचं काम बघायचे, ते गुरुवारी दुपारी यायचे आणि शुक्रवारी संध्याकाळी परत जायचे. बाकीचा आठवडा घरात आम्ही तिघं : आई, मी आणि अण्णाकाका. अण्णाकाका बाबांचे थोरले भाऊ, गाला नावाच्या कारखान्यांच्या भागात एका कंपनीत हिशेबनीस. काकू लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, म्हणून ते आमच्याकडे राहायचे. ह्या घराचा आवाज मला आजही ऐकू येतो. खिडकीतला एसी सतत घरघरायचा, आणि लाइट गेली की तो थांबल्यावर अचानक सगळी बिल्डिंग बोलायला लागायची. खालून पाण्याच्या टँकरचा भोंगा, मशिदीतली बांग, मग कृष्णमंदिरातली घंटा, आणि ह्या सगळ्याच्या तळाशी आईच्या लाटण्याचा टपटप आवाज. आई बिल्डिंगमधल्या आणि गालाच्या काही सड्या माणसांना डबे द्यायची. पहाटेपासून पोळ्या. तिची पोळी एवढी पातळ की आमच्या खालच्या मजल्यावरच्या हमीदाभाभी म्हणायच्या, ‘‘वैशूच्या आई, ह्या पोळीतून माका समोरची बिल्डिंग दिसता!’’ हमीदाभाभी रत्नागिरीच्या. त्यांच्याकडून अधूनमधून तांदळाची भाकरी यायची आणि आमच्याकडून पोळ्या खाली जायच्या.

अण्णाकाका वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तसं वाटेल. ते मला गणित शिकवायचे, कधी ओरडले नाहीत, आणि पगार झाला की आईच्या हातात घरखर्च ठेवून मगच चहा प्यायचे. पण ते फार धार्मिक होते, आणि त्यांचा धर्म मुख्यतः आमच्या स्वयंपाकघरात राहायचा. चातुर्मासात कांदा-लसूण बंद, वांगं बंद, सूर्य बुडायच्या आत जेवण. शिवाय त्यांचा स्वतःचा एक नेम होता : चातुर्मासात हातात पातं धरायचं नाही, आणि झाडाचं पान तोडायचं नाही. हिंसा नको. गॅलरीत तुपाच्या डब्यात लावलेली तुळस होती, तिची पानं मी तोडायची आणि त्यांनी देवाला वाहायची. संध्याकाळी झाडाला हात लावला तर म्हणायचे, ‘‘वैशू, झोपलंय ते.’’ मला हे तेव्हा फार गोड वाटायचं. ती पानं दुपारी तोडणारा हात माझा आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या वर्षी आईचा उजवा हात बिघडला. आधी रात्री मुंग्या, मग मनगटात कळ, मग लाटणं धरलं की कोपरापर्यंत वीज. हॉस्पिटलमधल्या मल्याळी डॉक्टरीणबाईंनी हात उलटापालटा करून पाहिला, अंगठ्याखालचा मांसल उंचवटा दाबला आणि सांगितलं की मनगटातली नस दबली आहे, हा उंचवटा बसत चाललाय, छोटं ऑपरेशन करून घ्या. उशीर केला तर अंगठा कामातून जाईल. आईनं एक तारीख गणपतीच्या नावावर पुढे ढकलली. दुसरी मिळाली ती शनिवारची, सकाळी साडेसातची. डॉक्टरीणबाईंचं एक वाक्य आईनं घरी येऊन आम्हाला नक्कल करून दाखवलं होतं : ‘‘दर्द है तो अच्छा है! दर्द बंद हुआ, तो भागके आना!’’ आम्ही सगळे हसलो. आई म्हणाली, ‘‘ह्या लोकांचं सगळं उलटंच.’’

आता ह्या हातावर बिल्डिंगमध्ये मतांची कमी नव्हती. अण्णाकाका म्हणायचे, ‘‘सुनंदा, प्रारब्ध आहे. भोगल्याशिवाय सुटत नाही. कापाकापी करून भोग टळतात का? ह्या जन्मी टाळलेस तर पुढच्या जन्मी व्याजासकट.’’ हमीदाभाभी म्हणायच्या, ‘‘सबर करा, परीक्षा असता ती.’’ आणि पहिल्या मजल्यावरचे बावतीस अंकल म्हणायचे, ‘‘वहिनी, दुःख देवाला अर्पण करायचं, वाया घालवायचं नाही.’’ मी पंधरा वर्षांची, ताडताड बोलणारी मुलगी, मला ह्या तिन्हींतलं एकही पटत नव्हतं, आणि का पटत नाही हे सांगताही येत नव्हतं. माझ्या आईनं असं काय केलं होतं की तिला व्याज लागावं? आणि परीक्षाच घ्यायची तर पोळ्या लाटणाऱ्या हाताची कशाला? जो हात अख्ख्या बिल्डिंगला जेवू घालत होता, त्याची?

बावतीस अंकल वसईचे. एका मोठ्या हॉटेलात भाजी-फळांची खरेदी बघायचे, त्यामुळे त्यांच्या हाताला नेहमी कसलातरी पिकलेला वास यायचा. तरुणपणी ते पाद्री व्हायला गेले होते, चार वर्षं सेमिनरीत शिकले आणि मग, त्यांच्याच शब्दांत, ‘‘मासळीबाजारात एक मुलगी बघितली आणि खलास.’’ शिकलेलं मात्र डोक्यात राहिलं होतं आणि ते कुणालातरी सांगायची त्यांना फार हौस. त्या गुरुवारी बाबा आले नव्हते, निझव्याला माल उतरायचा होता. संध्याकाळी अंकल वर आले, एका हातात इराणी खरबूज, पाठीमागून वॉचमनच्या डोक्यावर दोन भोपळे. एक मागितला की दोन आणायचे, ही त्यांची रीत. आईनं खरबूज चिरलं, डाव्या हातानं, कारण उजवा चालत नव्हता, आणि वाकडीतिकडी फोड अंकलपुढे ठेवली.

‘‘वहिनी, एक पंथ होता,’’ अंकल फोड उजेडाकडे धरून म्हणाले, ‘‘ते लोक ह्या खरबुजाला नमस्कार केल्याशिवाय राहिले नसते.’’

‘‘का? मिळत नव्हतं का त्यांना?’’ आई.

‘‘अहो, ऐका तर. मानी नावाचा माणूस होता. इथून वर, इराकच्या बाजूचा. चित्रं काढायचा, गलबतात बसून हिंदुस्थानपर्यंत जाऊन आला, आणि त्यानं एक नवाच धर्म काढला. आमच्या एका मोठ्या संताचं तरुणपण त्याच्या नादात गेलं, म्हणून आम्हाला सेमिनरीत ते खोडून काढायला शिकवायचे. मला खोडणं आठवत नाही बाय, गोष्ट तेवढी आठवते.’’

आणि मग त्यांनी ती सांगितली, आणि मी खरबूज खायची विसरले. फार पूर्वी उजेड एका बाजूला होता आणि अंधार दुसऱ्या बाजूला, दोन वेगळी राज्यं. एके दिवशी अंधार चालून आला. उजेडाच्या राजानं आपला माणूस लढायला पाठवला, पहिला माणूस, आणि त्याच्या अंगावर चिलखत म्हणून त्याचे पाच मुलगे : हवा, वारा, उजेड, पाणी, आग. आणि तो हरला! मला हे एकदम आवडलं. आमच्या गोष्टींत देव हरत नसत. अंधारानं ते पाचही मुलगे गिळून टाकले. तेव्हापासून उजेड सगळ्यांत मिसळून गेलाय. झाडात, दगडात, पिठात, माणसाच्या अंगात. अडकून पडलाय, आणि म्हणून जग दुखतं. पान तोडलं तर दुखतं, भाकरी मोडली तर दुखते, कारण आत तो आहे.

‘‘म्हणजे दुखणं कुणाचं पाप नाही?’’ मी विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘परीक्षा पण नाही?’’

‘‘कसली परीक्षा? लढाईत सापडलेल्याची काय परीक्षा घेणार? ते अंग शत्रूच्या घरात सापडलंय, आणि ते ओरडतंय. इतकंच.’’

‘‘मग त्या हरलेल्याचं काय झालं?’’ आईनं विचारलं. ती ओट्याशी उभी होती, पण ऐकत होती.

‘‘तो खाली बेशुद्ध पडला होता, वहिनी. आपण कोण, कुठले, सगळं विसरलेला. मग वरून त्याला हाक आली, आणि त्यानं खालून ओ दिली. त्या लोकांत हाक आणि ओ हे दोन देव आहेत! ओ दिली, तिथून सुटका सुरू.’’

मला आजही सांगता येत नाही त्या संध्याकाळी मला काय झालं. आज मी बरंच वाचलंय, मानीचे अनुयायी शरीराला कसं तुच्छ मानत, मुलं जन्माला घालणं म्हणजे उजेडाला नव्या पिंजऱ्यात घालणं असं कसं म्हणत, हे मला ठाऊक आहे, आणि त्या पंथात मी दोन दिवसही टिकले नसते. पण पंधराव्या वर्षी कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं की दुःख कुणाचं देणं नाही, कुणाची शाळा नाही, ते चुकीच्या जागी अडकलेलं काहीतरी चांगलं आहे आणि त्याला तिथून काढायचं असतं! सोसायचं नाही, काढायचं! मी घरभर फिरले. साखरेच्या डब्यात बघितलं, तुळशीकडे बघितलं, एसीच्या जाळीत अडकलेल्या धुळीकडे बघितलं. सगळं मला भरलेलं दिसायला लागलं. परत येऊन विचारलं, ‘‘अंकल, काढायचा कसा?’’

‘‘खाऊन,’’ अंकल म्हणाले आणि त्यांनी फोड तोंडात टाकली. ‘‘त्यांच्यात काही निवडलेले लोक असायचे. लग्न नाही, मांस नाही, झाडाला हात लावायचा नाही, सुरी धरायची नाही. त्यांनी खाल्लं की त्यांच्या पोटातून उजेड सुटून वर चंद्रावर जायचा. खरबुजात तर भरपूर उजेड. पण पेरायचं, तोडायचं, दळायचं, भाजायचं, हे सगळं दुखवणारं काम बाकीच्या साध्या लोकांनी करायचं. त्याचं पाप त्यांना. निवडलेला माणूस भाकरी पुढे आली की आधी तिला सांगायचा : मी तुला कापलं नाही, मी तुला दळलं नाही, मी तुला भाजलं नाही, ते दुसऱ्या कुणी केलं, मी निर्दोष आहे. आणि मग जेवायचा.’’

आई हात पुसत म्हणाली, ‘‘सोय चांगली आहे!’’

मी आईकडे बघितलं. मग आतल्या खोलीत जपाची माळ घेऊन बसलेल्या अण्णाकाकांकडे बघितलं. मग परत आईच्या त्या उजव्या हाताकडे. मला हसू यायला लागलं आणि राग यायला लागला, दोन्ही एकदम. मानी दीड-दोन हजार वर्षांपूर्वी साखळदंडात मेला म्हणे, पण त्याचा मठ दार्सैतला तिसऱ्या मजल्यावर चालू होता!

मी लगेच डाव टाकला. थोड्याच वेळात अण्णाकाका उजेडी जेवायला बसले, मी त्यांच्यासमोर. पोळी हातात घेऊन, डोळे मिटून, मी मोठ्यानं म्हटलं, ‘‘मी तुला कापलं नाही, मी तुला दळलं नाही, मी तुला भाजलं नाही. दुसऱ्या कुणी ते केलं आणि माझ्यापुढे आणलं. मी निर्दोष होऊन खाते.’’ आणि डोळे उघडून वाट पाहिली. आता त्यांचा चेहरा उतरेल, आता ते आईला म्हणतील, सुनंदा, तुझा हात बघू.

अण्णाकाकांचा चेहरा उजळला. ‘‘वा! कुठे शिकलीस? किती सात्त्विक आहे. पुन्हा म्हण.’’ आणि पुन्हा म्हटल्यावर तो माणूस माझ्यामागून म्हणायला लागला, मंदिरातल्यासारख्या चालीवर, ‘‘मी निर्दोष होऊन खातो’’ ह्या ‘निर्दोष’वर छान हेल काढून. पोळी खाल्ली, दुसरी मागितली, दुसरीलाही म्हटलं. आई तव्यावरून पोळी आणून वाढत होती आणि मी पाण्याचा घोट घशात अडकून खोकत होते. माझा बाण गेला होता तो जाऊन त्यांच्या पूजेच्या सामानात बसला.

दुसरा दिवस शुक्रवार, एकादशी. सकाळी साबुदाणा भिजवताना आई अगदी सहज म्हणाली, ‘‘आता दुखायचं राहिलंय गं. काल रात्रीपासून कळ नाही की मुंग्या नाहीत. उद्याचं सोडून देऊ. उद्या द्वादशी, भाऊजींचं पारणं आहे.’’

‘‘आई, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?’’

‘‘त्यांना काय कळतंय माझं दुखणं?’’

आतून अण्णाकाका समाधानानं म्हणाले, ‘‘भोग सरत आले. मी म्हटलं नव्हतं?’’

द्वादशीच्या पारण्याला आमच्याकडे भोपळ्याची भाजी आणि घारगे ठरलेले. भोपळे दोन होते आणि घरात पातं धरणारा पुरुष नव्हता. बाबा निझव्याला, अण्णाकाकांचा नेम, बावतीस अंकल चर्चला, कारण मस्कतला रविवारची प्रार्थना शुक्रवारी असते. उरले खालचे इब्राहिमभाई, हमीदाभाभींचे यजमान, ते नमाजाहून आले होते. पहिला घाव पुरुषाचा हवा. तो हिंदूच हवा असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. आई एक भोपळा दोन्ही हातांत घेऊन निघाली. मी म्हटलं, ‘‘दे, मी नेते,’’ तर म्हणाली, ‘‘तू साबुदाणा ढवळ, खाली लागेल.’’ मी ढवळता ढवळता दारातून बघत होते.

ती चार-पाच पायऱ्या उतरली असेल. भोपळा तिच्या उजव्या हातातून सुटला आणि धाडधाड पायऱ्या मोजत खाली गेला, वळणावर भिंतीला आपटून फुटला. आणि आई आणखी दोन पायऱ्या उतरली. उजवा हात तसाच, गोल, भोपळा धरल्यासारखा पुढे. तिला कळलंच नव्हतं. आवाज ऐकून तिनं आधी खाली बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा आहे आणि चुकून तिच्यापाशी राहिलाय.

दारं उघडली. हमीदाभाभी धावत बाहेर आल्या, ‘‘अल्ला! लागलं काय?’’ इब्राहिमभाई सुरी घेऊन उभे. अण्णाकाका वरून वाकून म्हणाले, ‘‘चला, आपोआप फुटला. कुणाला दोष नाही.’’

मी साबुदाणा तसाच टाकून पायऱ्या उतरले. आईचा उजवा अंगठा धरला आणि त्याच्या टोकाला नखानं चिमटा काढला, चांगला जोरात.

‘‘काय करतेस?’’

‘‘दुखलं?’’

‘‘नाही.’’

आणि मला कळलं! अगदी विजेचा दिवा लागावा तसं. दुखत होतं तोवर आतलं काहीतरी जागं होतं, ओरडत होतं, मला इथून काढा म्हणत होतं. दुखायचं थांबलं म्हणजे सुटलं नव्हतं, ते विसरलं होतं, अंधारात बेशुद्ध पडलं होतं, त्या पहिल्या माणसासारखं. डॉक्टरीणबाई उलटं बोलत नव्हत्या. त्या आणि मानी एकच गोष्ट सांगत होते आणि आम्ही एकादशीचा साबुदाणा ढवळत त्याला ‘भोग सरले’ म्हणत होतो. मी हे सगळं त्या पायरीवर आईला भडाभडा सांगायला लागले. ती म्हणाली, ‘‘आधी पायऱ्या पुसायला हव्यात, कुणीतरी घसरेल.’’ आणि डाव्या हातानं फुटलेले तुकडे गोळा करायला लागली.

फराळाला बसलो तेव्हा गॅलरीत ऊन तिरपं झालं होतं. साबुदाणा करपला म्हणून टाकला होता, त्याऐवजी वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि रताळ्याचा कीस. अण्णाकाकांनी हात जोडले. पोळी नव्हती म्हणून त्यांनी प्रार्थना स्वतःच बदलून घेतली होती, अगदी सुरात : ‘‘मी तुला सोललं नाही, मी तुला किसलं नाही, मी तुला शिजवलं नाही. दुसऱ्या कुणी ते केलं...’’

‘‘ओ,’’ आई म्हणाली.

ती आमटीचं भांडं घेऊन दारात उभी होती. भांडं डाव्या हातात.

अण्णाकाकांनी डोळे उघडले. ‘‘काय गं?’’

‘‘दुसरी कुणी म्हणजे मीच ना? कालपासून प्रत्येक घासाला बोलावताय, म्हणून ओ दिली.’’



‘‘सुनंदा, ही प्रार्थना आहे,’’ अण्णाकाका म्हणाले.

‘‘असेल. पण माझा हात आज भोपळा टाकून मोकळा झाला, भाऊजी, आणि मला कळलंसुद्धा नाही. मला भीती वाटली.’’ आईनं आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर हा शब्द उच्चारला असेल. ती घाबरणारी बाई नव्हती.

अण्णाकाका माझ्याकडे वळले. ‘‘वैशू, ही प्रार्थना कुठल्या संप्रदायाची?’’

आता मला थांबवणं शक्यच नव्हतं. मी सगळं सांगितलं, उजेडाचं राज्य, हरलेला माणूस, गिळलेले मुलगे, बेशुद्धी, हाक. आमटी गार होत होती. ते ऐकत होते. हिशेब तपासताना ते असेच मान थोडी तिरकी करून ऐकायचे.

‘‘आणि कापण्याचा, दळण्याचा दोष कुणाकडे जातो म्हणालीस?’’

‘‘करणाऱ्याकडे. खाणारा सुटतो.’’

त्यांच्या हातातला घास ताटात परत गेला. ‘‘आणि हे तू मला म्हणायला लावलंस?’’

‘‘तुम्हालाच आवडलं, काका. तुम्ही चाल पण लावलीत.’’

मला वाटलं आता ओरडतील. आई हसू दाबत होती. अण्णाकाकांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, ‘‘हात दाखव, सुनंदा.’’ तिनं भांडं खाली ठेवून हात पुढे केला. त्यांनी अंगठ्याखाली दाबून बघितलं. तिथे उंचवटा नव्हताच, खळगा होता.

‘‘उद्या किती वाजता बोलावलंय?’’

‘‘साडेसातला. पण पारणं...’’

‘‘तुळशीपत्र आणि पाणी. शास्त्रात बसतं.’’

‘‘बसतं?’’ आईचा आवाज चढला. ‘‘मग इतकी वर्षं?’’

‘‘इतकी वर्षं तू घारगे करायचीस.’’

मी म्हटलं, तुळशीची पानं मी परवाच तोडून फ्रिजमध्ये ठेवलीत, कारण एकादशी-द्वादशीला तुळस तोडत नाहीत. ते म्हणाले, ‘‘ती तुझ्या हातची. ती नकोत.’’ उठून गॅलरीत गेले. मी आणि आई आतून बघत होतो. सूर्य समोरच्या डोंगराला टेकला होता. अण्णाकाकांनी तुळशीला हात जोडले, काहीतरी पुटपुटले, आणि मग चातुर्मासात, एकादशीच्या दिवशी, स्वतःच्या हातानं दोन पानं तोडली. ते पान तोडताना किती कचरत होते! त्यांना सवयच नव्हती. देठासकट निघालं.

आईचा हात वाचला. पूर्ण भरला नाही. अंगठ्याखाली अजून किंचित खोलगट आहे, पण आज सत्तरीत ती सुई ओवते आणि माझ्या घारग्यांना नावं ठेवते. पुढचे दीड महिने आमच्या घरात पोळ्या लाटायला मी होते आणि भाज्या चिरायला अण्णाकाका, विळीवर, पाटावर बसून, अत्यंत वाईट. बावतीस अंकल बघून म्हणाले होते, ‘‘एक निवडलेला कमी झाला, यल्ला, चला, स्वयंपाकाला माणूस वाढला.’’ प्रार्थना मात्र अण्णाकाकांनी पुन्हा म्हटली नाही. दुःख प्रारब्धानं येतं, हे म्हणणं त्यांनी कधीच सोडलं नाही, शेवटपर्यंत. फक्त दुसऱ्याच्या प्रारब्धाबद्दल बोलणं बंद केलं. मला तेवढं पुष्कळ वाटतं.

शनिवारी सकाळी ते दोघं टॅक्सीनं गेले. काकांच्या हातात पाण्याची बाटली आणि रुमालात गुंडाळलेली ती दोन पानं, आईच्या हातात काही नाही, पहिल्यांदाच. मी शाळा बुडवली. डबे घेणाऱ्यांना आज खाडा म्हणून सांगून आले. मी घरात आले तर ओट्याखाली दुसरा भोपळा होता, अख्खा. खाली इब्राहिमभाई अजून कामाला निघाले नव्हते, त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. मी भोपळा पाटावर ठेवला, मोठी सुरी घेतली, टोक वर रोवलं आणि दोन्ही हातांचा भार देऊन खाली ओढली. कडकन आवाज झाला आणि तो उघडला. भाजी टाकली, घारग्यांचं पीठ मळलं, आणि बिया धुऊन गॅलरीत तुळशीच्या डब्याशेजारी उन्हात वाळत घातल्या.